सोमवारचं दूध

आमच्या घरी आठवड्याचे सहा दिवस माणसांचे होते आणि सोमवार दुधाचा. सोमवारचं दूध विकायचं नाही, विरजायचं नाही, आटवायचं नाही आणि अंगणाच्या फाटकाबाहेर न्यायचं नाही. घरातल्यांनी पिऊन संपवायचं. महादेवाचा वार, याखेरीज त्याचं कारण मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. असे नेम आमच्या भागात घरोघरी असत, कुणाचा रविवार, कुणाचा गुरुवार. आर्वीहून एसटीनं तासाभरावर असलेल्या आमच्या गावात त्याचं कुणाला ओझं नव्हतं, कारण गाई आमच्या इकडच्या, गवळाऊ. शिंगं झोकदार, चाल ऐटबाज आणि दूध दीड-दोन लिटर. सोमवारी प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा गलास यायचा, चहा थोडा दाट व्हायचा आणि महादेव खूश व्हायचा.

मग बाबांनी जर्शी आणली. दिवाळीच्या सुमारास सेलूकडून टेम्पोत उभी राहून ती आली, मागे तिचं पंधरा दिवसांचं गोऱ्हं. अख्खा गाव बघायला जमला. संध्याकाळी बाबांनी स्वतः धार काढली. आमच्या जुन्या गाईची धार बादलीत पडायची तेव्हा तिचा बारीक आवाज येऊन लगेच थांबायचा. ही थांबेचना. लोक उभे राहून थकले, काही घरी जाऊन जेवून परत आले, तरी बाबा आपले खाली बसून पिळतच होते. सकाळ-संध्याकाळ मिळून दहा लिटर. सहा दिवस ते दूध डब्यातून आर्वीच्या एसटीनं जायचं, काही विरजायला राहायचं. सातव्या दिवशी ते दहा लिटर घरातच असायचं आणि घरात आम्ही माणसं पाच: बाबा, माय, माझा मोठा भाऊ वसंता, बाबांची बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी.

पहिल्या सोमवारी गंमत वाटली. दुसऱ्या सोमवारी सालगड्याला ताप आला, आणि तो पुढे दर सोमवारी येऊ लागला. शेजारच्या बाया सोमवारी विहिरीवर जाताना आमच्या दारावरून न जाता मागच्या बोळातून जात, कारण बाबा छपरीत गलास भरून बसलेले असत आणि दिसेल त्याला आत बोलावत. फाटकाच्या आत येऊन प्यायलेलं नेमात बसत होतं. पोस्टमन आमची सोमवारची पत्रं मंगळवारी द्यायला लागला. एकदा आत्याच्या सासरकडचे दोघं पाहुणे चुकून सोमवारी उतरले. त्यांना जेवणाआधी दूध, जेवणात दूध आणि निघताना दूध मिळालं. फार चांगली माणसं होती, पण पुन्हा काही आली नाहीत.

गाय घेताना बाबांना कुठल्याशा शिबिरात एक पुस्तिका फुकट मिळाली होती. दुधानं काय काय होतं ते तिच्यात होतं. लहानांची हाडं वाढतात, दात बळकट होतात. मोठ्यांची झीज भरून निघते. म्हाताऱ्यांना झोप लागते. बाबा सातवीत दोनदा नापास होऊन घरी बसलेले, पण ही पुस्तिका त्यांना तोंडपाठ झाली. दर सोमवारी आम्हाला ओळीनं बसवून, हातात एकेक पितळी गलास देऊन, ते तिच्यातलं एक पान वाचत. वाचन संपेपर्यंत गलास रिकामा झाला पाहिजे. आत्याला एकही दात उरला नव्हता, तरी दातांचं पान वाचताना ते आवर्जून तिच्याकडे बघत.

"आता कोनते दात बळकट करतं रे माहे?" आत्या म्हणायची.

"हिरड्या करन," बाबा म्हणत. "तू पे तं खरं."

पुस्तिकेत एक गोष्ट नव्हती, ती माझ्या पोटात होती. दूध प्यायलं की घटकाभरात माझ्या पोटात गुरगुर सुरू व्हायची, मग कळ, मग परसाकडे धाव. एका सोमवारी सहा वेळा गेले. मायनं ओवा दिला, आत्यानं बेंबीला हिंग लावला. शेवटी मी धीर करून बाबांना म्हटलं, "बाबा, मले दूध बाधते."

बाबांनी पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. "दूध कोनाले बाधते असं इथं कुठंच नाई लिहेल," ते म्हणाले. "दूध बाधत नाई बेबी. दुधालेच तू बाधली असशील."

आता वर्धेच्या माझ्या डॉक्टरीण बाईंना हे सांगितलं तर त्या हसून खुर्चीतून पडायच्या राहिल्या. त्यांनी मला समजावून सांगितलं की दुधात एक साखर असते, ती काहींच्या पोटात पचत नाही, त्यात कुणाचा गुन्हा नाही. दूध चांगलंच, पण अशांनी दही-ताक घ्यावं, त्यात ती साखर बरीच कमी झालेली असते. साठ वर्षं ओलांडल्यावर मला हे कळलं. तेव्हा कळलं असतं तर माझ्या बालपणातली निम्मी धावपळ वाचली असती.

पण खरी अडचण निराळीच होती. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर वर्धेला मावशीकडे राहायचं, आणि मला शिकायचं होतं. इतकं की मी मावशीच्या गल्लीचं नाव वहीच्या प्रत्येक पानावर लिहून ठेवलं होतं. मावशी तयार होती, माय तयार होती. संक्रांतीच्या सुमारास मी बाबांकडे विषय काढला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मनगट धरून बघितलं आणि त्यांच्या दोन बोटांत ते मावलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"तीस किलो भर, मंग जा," ते म्हणाले. "अशी काडी वर्धेले पाठवली तं लोक म्हनतीन, बाप खायाले देत नाई. अन् ताकदच नाई तं डोक्यात काय राहीन?"

आमच्या छपरीत कापूस मोजायचा काटा टांगलेला होता. बाबांनी तो तिथंच, त्याच घटकेला सरळ केला. एका पारड्यात वीस आणि दहाची लोखंडी वजनं, दुसऱ्यात पाय पोटाशी घेऊन मी. माझं पारडं वरच राहिलं. बाबा दहाचं काढून लहान वजनं टाकत गेले, आढ्याची कडी कुरकुरत राहिली आणि अखेर काटा सव्वीसवर सरळ झाला. "चार किलो," बाबा म्हणाले. "चार किलो म्हंजे काहीच नाई. दूध हाय ना!" त्या दिवसापासून दर सोमवारी दूध पाजून झालं की माझं वजन होऊ लागलं, आणि माझ्या गलासाचा तांब्या झाला.

पुढच्या सोमवारी मी पंचवीस भरले. त्याच्या पुढच्या सोमवारी साडेचोवीस. मी जितकी उतरत होते तितकं बाबा दूध वाढवत होते, आणि जितकं दूध वाढत होतं तितकी मी उतरत होते. असं आणखी महिनाभर चाललं असतं तर मी वर्धेला पाकिटातून गेले असते. रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच हिशेब. वर्धा दर आठवड्याला अर्धा किलोनं लांब जात होती. एका सोमवारी मी बाबांसमोर एक घोट घेतला, "बाहेर बसून पेतो" म्हणत गोठ्यात गेले आणि उरलेला अख्खा तांब्या गोऱ्ह्यासमोरच्या घमेल्यात ओतला. गोऱ्ह्याचं नाव सोम्या, सोमवारी जन्मलेला म्हणून. त्यानं एका दमात घमेलं चाटून पुसून ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की माझा सगळा अपराध धुऊन निघाला. गोठा फाटकाच्या आतच होता, तेव्हा महादेवाचीही काही तक्रार असण्याचं कारण नव्हतं.

आणि मी वाढायला लागले. भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी, मायच्या हातचे कढीगोळे, आणि इतर दिवशीच्या दह्याचं ताक. ताक मी गलासांवर गलास रिचवत असे आणि पोटातून हूं की चूं नाही. पंचवीस झाले, सव्वीस, साडेसत्तावीस. बाबा दर सोमवारी काट्याचा आकडा छपरीच्या भिंतीवर खडूनं लिहीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. माझ्यावरून त्यांची दुधावरची श्रद्धा इतकी वाढली की त्यांनी वसंताचा आणि मायचाही गलास बदलून तांब्या केला. माझ्यामुळे त्यांना शिक्षा झाली म्हणून मला वाईट वाटत होतं, पण ते दोघं एका शब्दानंही कुरकुरले नाहीत. ते पाहून मला फार नवल वाटायचं.

इकडे सोम्याला एक विचित्र रोग जडला. तो मंगळवारी फुगायचा. सोमवारी भला चंगा, मंगळवारी सकाळी पोट नगाऱ्यासारखं, चारही पाय फाकवून उभा, मान खाली, आणि मागून धार. बुधवारपर्यंत उतरायचा, गुरुवारी दोर तोडून अंगणभर उधळायचा. गावात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं नजर लागली, तेव्हा आत्यानं त्याच्या गळ्यात फाटकी चप्पल आणि बिब्बा बांधला. कुणी म्हणालं मंगळवार देवीचा, तिचं काही राहिलं असेल, तेव्हा नारळ फोडला. सोम्यानं खोबरं खाल्लं आणि पुढच्या मंगळवारी जास्तच फुगला. मला कारण ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं, पण मी स्वतःची समजूत घालत असे की एका तांब्यानं एवढं मोठं जनावर कसं फुगेल. आणि सांगितलं असतं तर वर्धा गेली असती. त्या कोवळ्या जनावराच्या पोटावर मी माझं शिक्षण उभारत होते, हे आज लिहितानाही मला लाजवतं.

जूनमध्ये, शाळा उघडायला आठवडा उरला असताना, बाबांनी ढोरांच्या डॉक्टरांना बोलावलं. मध्यम वयाचे, मिशाळ, लुनावर फिरणारे गृहस्थ. त्यांनी सोम्याचं पोट वाजवून पाहिलं.

"कधीपासून?"

"शिवरात्रीपासून जी. दर मंगळवारी."

"बुधवारी नाई? शुक्रवारी नाई?"

"नाई जी. बाकीचे दिवस उड्या मारते."

डॉक्टरांनी मिशीवरून हात फिरवला. "एवढी ढोरं पाह्यली म्या," ते म्हणाले, "पन वार पाहून फुगनारं हे पह्यलंच." औषध देऊन ते निघून गेले.

पुढचा सोमवार माझा शेवटचा. बुधवारी शाळा उघडणार होती. मागच्या खेपेला मी साडेएकोणतीस भरले होते, तेव्हा आज तीस होणार यात मला शंका नव्हती. दुपारी पुस्तिकावाचन झालं. हाडांचं पान होतं. बाकीचे आपापलं दूध घेऊन आधीच पांगले होते. मी घोटभर पिऊन बाहेर निघाले आणि गोठ्यात शिरले, तर कडब्याच्या गंजीमागून कुणीतरी माझा हात धरून खाली ओढलं. ढोरांचे डॉक्टर. मागच्या बोळातून येऊन कडब्यात लपून बसले होते, मिशीत ज्वारीची पानं अडकलेली.

"गप बस," ते कुजबुजले. "तू चौथी."

डॉक्टरांनी बोटांवर मोजून सांगितलं. "पह्यले ते बिनदाताची बाई आली. मंग तुहा भाऊ. मंग तुही माय, ते तं त्याच्या पाठीवरून हात फिरवून, 'पे माह्या सोन्या' म्हनून पाजून गेली. दोन तांबे, एक गलास. आता तुहा तांब्या." माझ्या हातातल्या भरल्या तांब्याकडे बघून त्यांनी मान हलवली. मी लाजेनं मेल्यागत झाले, आणि त्याच वेळी मला हसूही येत होतं. माय! देवासमोर बसून एक दाणा इकडचा तिकडे न करणारी माझी माय!

तेवढ्यात गोठ्याच्या दाराशी सावली पडली. आम्ही दोघं कडब्यात दबलो. बाबा आले. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, धोतराच्या सोग्याआडून भरलेला गलास काढला आणि हळूच घमेल्यात ओतला. सोम्या पुढे झाला नाही. त्याचं पोट गच्च भरलं होतं. त्यानं नुसतं बाबांकडे बघितलं.

"पे बाप्पा, पे," बाबा अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "मले पचत नाई रे. कोनाले सांगू? तूच एक हायस."

डॉक्टर उठून उभे राहिले. बाबा इतके दचकले की गलास घमेल्यात पडला आणि त्याचा टणत्कार घरभर ऐकू गेला. माय, आत्या, वसंता धावत आले. मी तांब्या हातात धरून कडब्यातून निघाले.

"म्या तं एकच गलास देत होती," आत्या म्हणाली.

"मी बी एकच," वसंता म्हणाला. मायनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टर तापले. "सगळे एकएकच देता, पोट मात्र त्याले बी एकच हाय! आता हे कडबा खाते, याचं पोट दुधाचं राह्यलं नाई. आजपासून याले दुधाचा थेंब द्यायचा नाई. मारून टाकसान त्याले." आणि मग जरा निवळून बाबांना म्हणाले, "दूध चांगलंच हाय हो. पन ज्याले पचते त्याले. ज्याले नाई पचत त्यानं दही खावं, ताक प्यावं. माह्या बायकोले बी नाई पचत."

"सोमवारी विरजता येत नाई ना जी," बाबा केविलवाणे होऊन म्हणाले.

"सोमवारी नाई येत," माय म्हणाली, "मंगळवारी येते. दोनदा तापवून ठेवलं तं सकाळपरेंत काही होत नाई. सोमवारचं दूध मंगळवारी विरजू नये असं कोनं सांगतलं?"

बाबांनी विचारलं, "मंग इतके दिवस काऊन नाई बोलली?"

"मले कोनं विचारलं?" माय म्हणाली.

डॉक्टर लुना काढून गेले. माय, आत्या आणि वसंता एकेक करून घरात सटकले. गोठ्यात बाबा आणि मी उरलो, आणि सोम्या. माझ्या डोळ्यांपुढून वर्धा निघून चालली होती. दूध मी पीतच नव्हते हे आता उघड झालं होतं, तेव्हा भिंतीवरचे खडूचे आकडे खोटे, मी खोटी. बाबा घमेल्याशेजारी बसले.

"तुले खरंच बाधत होतं?"

"हाव."

"किती खेपा?"

"सहा."

"माह्या आठ," बाबा म्हणाले. कडब्याची एक काडी मोडून टाकत ते म्हणाले, "आमच्या घरी लहानपनी दुभतं नव्हतं, बेबी. शाळेत माह्या बाजूले एक पोट्टा बसे. ओठावर दुधाची मिशी घेऊन ये अन् पह्यला नंबर काढे. म्या सातवीत दोनदा बसलो. मले वाटे, दुधाचंच काम हाय हे. मंग ठरवलं, माह्या लेकरायले पाजीन. मले नाई पचलं तं मी चुप राह्यलो. बापच पेत नाई म्हटल्यावर लेकरं कायले पेतीन?"

मला रडू फुटलं. इतके महिने आम्ही दोघं एकाच घमेल्याशी येऊन, एकाच जनावराच्या कानात तेच गाऱ्हाणं सांगून जात होतो, आणि घरात समोरासमोर बसून एकमेकांना हाडांचं पान ऐकवत होतो. मला माझ्या बाबांची इतकी माया आधी कधी आली नव्हती.

"चाल," बाबा उठले. "आज सोमवार हाय. काट्यावर बस."

मी बसले. त्यांनी वीसचं वजन ठेवलं, दहाचं ठेवलं. कडी कुरकुरली. माझं पारडं जमिनीकडे झुकलं, थबकलं आणि परत वर आलं. थोडक्यात हुकलं होतं; मागच्या आठवड्यात शाळेच्या काळजीनं मी धड जेवलेच नव्हते. बाबा काट्याकडे बघत उभे राहिले. मी श्वास रोखून ओझं वाढवायचा प्रयत्न केला. मग ते गोठ्यात गेले, मी तिथं ठेवून आलेला तांब्या घेऊन आले आणि घोटभरच कमी असलेला तो तांब्या त्यांनी माझ्या दोन्ही हातांत दिला. पारडं खाली आलं, हललं आणि काटा सरळ झाला.

"दूध पोटात गेलं काय अन् हातात राह्यलं काय," बाबा म्हणाले, "वजन तेवढंच." आणि खडू घेऊन त्यांनी भिंतीवर लिहिलं, तीस.

आता प्रश्न त्या तांब्याचा उरला. त्यातला एक घोट मी घेतला होता, तेव्हा ते उष्टं. मायच्या पातेल्यात परत जाणार नाही. सोम्याला डॉक्टरांनी बंदी केलेली. फाटकाबाहेर टाकायचं नाही, आणि सोमवारचं दूध ओतून देणं तर आमच्या घरी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बाबा छपरीच्या पायरीवर बसले. मी पारड्यातून उतरून त्यांच्या शेजारी बसले. अर्धं ते प्यायले, अर्धं मी. दोघांनाही ठाऊक होतं आता काय होणार, म्हणून पायरीवरून कुणी उठलं नाही. घटकाभरानं दोघांच्याही पोटांत एकदमच गुरगुरलं.

घरात टमरेल एकच होतं. बाबांनी ते आधी मला दिलं.